अर्क, मॅक्रोफेज आणि फसवे आकडे: नैसर्गिक पदार्थांवर प्रतिकारशास्त्राचं काम सुरू करताना

सायक्लोस्पोरिन एका बुरशीतून मिळालं, रापामायसिन ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूतून, आणि नागिणीच्या आजच्या एका लशीत किलाजा झाडाच्या सालीतलं सॅपोनिन वापरलं जातं. निसर्गातून प्रतिकारसंस्थेवर खरंच काम करणारी औषधं निघतात, म्हणून या क्षेत्रात येणं योग्यच आहे. पण अर्क घालून मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी, उत्तेजित झाल्या, असं सांगणारी पहिली प्लेट बहुतेक वेळा अर्कातल्या रेणूबद्दल काहीच सांगत नाही. उत्तेजन दिसलं की आधी एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, तपासा. दमन दिसलं की आधी पेशी जिवंत आहेत का ते पाहा. या दोन प्रश्नांची उत्तरं हातात येईपर्यंत आलेख काढायला बसू नका.

‘प्रतिकारशक्ती वाढते’ हा शब्दप्रयोग वहीत लिहायचाच नाही, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. कोणती पेशी, कोणता संकेत, किती तासांनी, हे लिहा. टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारा सायटोकाइन, म्हणजे पेशींचं संदेशवाहक प्रथिन) वाढणं संसर्गात उपयोगी पडू शकतं आणि संधिवातात घातक ठरतं. नुसत्या वाढीला चांगली किंवा वाईट म्हणता येत नाही.

कामाची सुरुवात वनस्पतीपासून होते, आणि इथला आळस दोन वर्षांनी महागात पडतो. नमुना वर्गीकरणतज्ज्ञाकडून ओळखून घ्या, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा आणि त्याचा क्रमांक घ्या. गोळा केल्याची तारीख, ठिकाण आणि झाडाचा भाग लिहून ठेवा, कारण पानातले फिनॉल ऋतूप्रमाणे बदलतात. सावलीत किंवा ४० अंश सेल्सिअसच्या आत वाळवा. दमट साल किंवा मूळ ढिगात पडून राहिलं तर त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि पुढे त्रास देणारं एंडोटॉक्सिन बऱ्याचदा इथूनच आत येतं.

५० ग्रॅम पूड, ५०० मिलिलिटर ७० टक्के इथेनॉल, शेकरवर २४ तास, आणि हेच नव्या द्रावकात आणखी दोनदा, ही बहुतेक वनस्पतींसाठी चांगली सुरुवात आहे. गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना इथेनॉल पूर्ण उडवा, मग उरलेलं पाणी फ्रीझ ड्रायरवर काढा. इथेनॉल राहिलं तर नमुना नीट गोठत नाही, फेसाळून फ्लास्कबाहेर येतो आणि पंपाच्या तेलात जातो. कोरड्या अर्काचं वजन करून उतारा टक्क्यांत लिहा आणि बाटली उणे २० अंशांना ठेवा. प्रत्येक बॅचचा एचपीएलसी आलेख (घटक वेगळे करून दाखवणारा) काढा. पुढच्या बॅचने वेगळा परिणाम दिला, तर बदल वनस्पतीत झाला की पेशींत, हे त्यावरूनच कळतं.

स्टॉक, म्हणजे अर्काचं घट्ट मूळ द्रावण, करताना नवखे नेहमी एकाच ठिकाणी अडखळतात. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर स्टॉक डीएमएसओ या द्रावकात केला आणि पेशींच्या पोषक माध्यमात हजारपट पातळ केला, तर वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अर्क आणि ०.१ टक्का डीएमएसओ येतो. कमी मात्रांसाठी हाच स्टॉक डीएमएसओमध्ये पातळ करत जा, माध्यमात नाही. मगच प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखा राहतो आणि एकच द्रावक-कंट्रोल सगळ्यांना लागू पडतो. माध्यम ३७ अंशांना गरम असू द्या. मिसळल्यावर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. स्फटिक किंवा गढूळपणा दिसला तर ती मात्रा सोडून द्या, कारण मॅक्रोफेज ते कण गिळतात आणि नुसत्या गिळण्यानेही सक्रिय होऊ शकतात. स्टॉक लहान नळ्यांत वाटून ठेवा. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो आणि वारंवार वितळवल्याने मात्रा सरकते.

आता एंडोटॉक्सिन. या कामातला सगळ्यात मोठा घोळ हाच आहे. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणातला हा लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस. १ एंडोटॉक्सिन युनिट म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम. तुमच्या १०० मायक्रोग्रॅम अर्कात एवढं जरी असलं, तरी प्रति मिलिलिटर ०.१ नॅनोग्रॅम वेलमध्ये पोचतं आणि मानवी मोनोसाइटना (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) चेतवायला ते पुरतं. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू अडवतो, एलपीएस अडवत नाही. १२१ अंशांचा ऑटोक्लेव्हही ते भरवशाने नष्ट करत नाही. काचेची भांडी २५० अंश कोरड्या उष्णतेत किमान ३० मिनिटं ठेवा, पाणी एंडोटॉक्सिनमुक्त म्हणून विकलं जाणारंच वापरा, आणि प्लास्टिक शक्यतो बंद पाकिटातलं नवं घ्या.

मोजमापासाठी एलएएल चाचणी असते (नालखेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्कात एंडोटॉक्सिनमुळे गोठण्याची साखळी सुरू होते), पण वनस्पती-अर्कात ती सरळ चालत नाही. टॅनिन ती दाबून टाकतात. मशरूम आणि यीस्टमधले बीटा-ग्लुकन दुसऱ्या मार्गाने तीच साखळी सुरू करतात आणि खोटं सकारात्मक उत्तर देतात. म्हणून नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन घालून किती परत मिळतं ते पाहा. ५० ते २०० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर नमुना आणखी पातळ करा. पॉलिसॅकराइडवर काम असेल तर बीटा-ग्लुकन रोखणारा बफर किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर सी (त्या साखळीतलं फक्त एंडोटॉक्सिन ओळखणारं, कृत्रिमरीत्या बनवलेलं प्रथिन) वापरा.

सोबत पेशींवरची तपासणी हवीच. अर्क पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निष्प्रभ करणारं प्रतिजैविक, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर) बरोबर अर्धा ते एक तास ठेवा आणि मग पेशींना द्या. परिणाम गेला तर श्रेय एलपीएसचं. शेजारच्या वेलमध्ये १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर शुद्ध एलपीएस आणि पॉलिमिक्सिन ठेवा. तिथेच दमन झालं नाही तर चाचणीच फसली आहे. पॉलिमिक्सिनची बांधण्याची क्षमता मर्यादित असते, म्हणून परिणाम टिकला एवढ्यावर अर्क शुद्ध ठरत नाही. टीएलआर४ (एलपीएस ओळखणारा पेशीवरचा ग्राहक) नसलेल्या पेशींतही परिणाम दिसतो का, ही त्यापुढची आणि जास्त खात्रीची पायरी.

दाहशामक परिणाम शोधायचा असेल तर उंदराच्या आरएडब्ल्यू २६४.७ या मॅक्रोफेज पेशींपासून सुरुवात करा. पेशी ट्रिप्सिन या विकराने सोडवू नका, स्क्रेपरने हलकेच खरवडा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ५० हजार पेशी, २०० मायक्रोलिटर माध्यमात, रात्रभर बसू द्या. कडेच्या वेलमध्ये बाष्पीभवन जास्त होतं, तिथे फक्त बफर भरा आणि आतले ६० वेल वापरा. अर्क देऊन एक तासाने १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एलपीएस द्या आणि २४ तासांनी वरचं माध्यम काढून ग्रीस अभिक्रियेने (नायट्राइटला रंग देणाऱ्या) नायट्राइट ५४० नॅनोमीटरला मोजा. पेशींनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडचं ते माप असतं. फक्त एलपीएस दिलेल्या वेलमध्ये साधारण २० ते ४० मायक्रोमोलर नायट्राइट यायला हवं. १० च्या खाली आलं तर पेशी जास्त पॅसेज झालेल्या (खूप वेळा नव्या भांड्यात वाढवलेल्या) असतात, नाहीतर एलपीएसचं द्रावण काचेला चिकटून गेलेलं असतं. वापरण्यापूर्वी ते व्हॉर्टेक्स करा. संदर्भासाठी १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन (दाह दाबणारं स्टेरॉइड) ठेवा. टीएनएफ-अल्फा मोजायचं असेल तर ४ ते ६ तासांनी माध्यम घ्या.

यात अर्क दोन ठिकाणी फसवतो. पहिली जागा ग्रीस अभिक्रिया: तिचं माध्यम आम्लधर्मी असतं आणि पॉलिफिनॉल तिथे नायट्राइटशी अभिक्रिया करतात, म्हणजे पेशींनी नायट्रिक ऑक्साइड बनवूनही आकडा कमी येतो. पेशीविरहित वेलमध्ये २० मायक्रोमोलर सोडियम नायट्राइट आणि अर्क ठेवून वाचा. तिथे २० च येत असेल तरच पुढे जा. दुसरी जागा एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी ज्याचा रंग बदलतात ते रंगद्रव्य. पॉलिफिनॉल पेशींच्या मदतीशिवायही एमटीटीचा जांभळा फॉर्मझान बनवतात, आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. माध्यम काढून पेशी दोनदा धुवा, पेशीविरहित अर्क-एमटीटी कंट्रोल ठेवा आणि एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं विकर) किंवा एटीपी (जिवंत पेशींतला ऊर्जारेणू) चाचणीने पडताळा. जिवंतपणा ९० टक्क्यांच्या खाली गेला की त्या मात्रेचं दमन मोजू नका.

काही रेणू जवळपास प्रत्येक चाचणीत सकारात्मक येतात, म्हणून त्यांच्याबद्दल सावध राहावं लागतं. ग्रीन टीमधलं ईजीसीजी माध्यमातच ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. कॅटालेज घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो पेरॉक्साइडचा होता. करक्युमिन तटस्थ पीएचला तुटतं आणि स्वतः चमकतं, त्यामुळे चमकेवरून पेशी मोजणाऱ्या फ्लोसायटोमीटरवर गोंधळ घालतं. सॅपोनिन पेशीपटल फोडतात, म्हणून आधी लाल रक्तपेशी फुटतात का (हिमोलिसिस) ते तपासा. टॅनिन प्रथिनांना चिकटून एलायझाही (सायटोकाइन मोजायची प्रतिपिंड-चाचणी) बिघडवतात. माहीत असलेला सायटोकाइन अर्कयुक्त माध्यमात घालून ८० ते १२० टक्के परत मिळतो का ते बघा.

उंदराच्या पेशींवरून माणसाकडे जाताना चाचणी बदलावी लागते. टीएचपी-१ या मानवी मोनोसाइट पेशी नायट्रिक ऑक्साइड नगण्य बनवतात, तिथे ग्रीस अभिक्रिया निरुपयोगी आहे, सायटोकाइनच मोजा. त्यांना मॅक्रोफेजसारखं बनवणारं पीएमए हे रसायन देऊन ४८ तास ठेवा, मग पीएमएविरहित माध्यमात २४ तास विश्रांती द्या, नाहीतर पार्श्वभूमीच इतकी चढते की अर्काचा परिणाम दिसत नाही. रक्तातल्या पेशी फिकॉल या दाट द्रावणावर वेगळ्या करताना सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा. दात्यादात्यांत फरक मोठा असतो आणि तो लपवायचा नसतो, प्रत्येक दाता वेगळा दाखवा. एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर केलेला प्रयोगच नवा धरायचा. मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारा सूक्ष्म जिवाणू) महिन्यातून एकदा पीसीआरने तपासा, कारण त्याचे लिपोप्रथिन टीएलआर२ या दुसऱ्या ग्राहकाच्या मार्गाने पेशी आधीच चेतवून ठेवतात.

अर्क या सगळ्यातून तरला की हेक्झेन, इथाइल अॅसिटेट, ब्युटेनॉल आणि पाणी असं विभाजन करून, आणि पुढे सिलिकाच्या स्तंभावर वेगळं करून, प्रत्येक अंश पुन्हा त्याच चाचणीवर घ्या. प्रत्येक अंश किती मिलिग्रॅम मिळाला ते लिहा आणि क्रियाशीलतेची बेरीज करा. अंशांची एकत्रित क्रिया मूळ अर्काहून बरीच कमी आली तर रेणू तुटलेला असेल, सिलिकावर अडकलेला असेल, किंवा दोन घटक मिळून काम करत असतील. अंश मूळ प्रमाणात पुन्हा एकत्र करून तपासलं की यातलं कोणतं ते बऱ्यापैकी कळतं. क्रिया परत आली तर एकट्या रेणूचा पाठलाग थांबवून दोन-दोन अंशांच्या जोड्या लावायला घ्या. परत आली नाही तर स्तंभाच्या आधीच्या पायरीकडे जा आणि राखून ठेवलेल्या कोरड्या अर्कातून नव्याने सुरुवात करा. त्यासाठी पहिल्या बॅचचा किमान दहावा हिस्सा बाजूला ठेवलेला असावा.