हनोई ते सायगॉन रेल्वेने: मित्रांच्या ग्रुपने व्हिएतनाम ट्रिप कशी प्लॅन करायची

व्हिएतनामला जाणारे आपले बरेच ग्रुप हनोई, दा नांग आणि सायगॉन (म्हणजे आजची हो ची मिन्ह सिटी) अशा तीन ठिकाणी विमानाने उतरतात, फोटो काढतात आणि परत येतात, आणि मधला सगळा देश राहूनच जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हा देश उभा लांबलचक आहे आणि वरपासून खालपर्यंत एक रेल्वे लाइन जाते, 1726 किमीची. 1936 मध्ये फ्रेंचांच्या राजवटीत ती पूर्ण झाली, 1954 ला देशाचे दोन भाग झाले तेव्हा लाइनही तुटली, आणि युद्ध संपल्यावर 1976 च्या डिसेंबरअखेरीस हनोई ते सायगॉन गाडी परत धावली. म्हणून परदेशी लोक तिला रियुनिफिकेशन, म्हणजे पुन्हा एकीकरणाची, एक्स्प्रेस म्हणतात, पण तिकीट काढताना या नावाने शोधू नका, तिथे फक्त एसई 1, एसई 3 असे नंबर दिसतील. विषम नंबर हनोईहून खाली जाणारे, सम नंबर सायगॉनहून वर येणारे.

आधी हे ठरवा: सलग जायचं नाही

पूर्ण प्रवास एका दमात केला तर 32 ते 36 तास लागतात. लाइन मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची आहे, आपल्याकडे अकोला-खंडवा होती तशी, आणि बरीचशी सिंगल, त्यामुळे गाडी हळू चालते आणि क्रॉसिंगला थांबतेही. दोन दिवस डब्यात बसून ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचा मूड जातो. त्यापेक्षा तुकडे करा. हनोई ते निन्ह बिन्ह दोन-सव्वादोन तास, तिथे ट्रांग आनची होडी करा. मग रात्रीच्या गाडीने ह्युए. ह्युए ते दा नांग दिवसा, आणि दा नांगहून टॅक्सीने होई आन, कारण तिथे रेल्वे जात नाही. पुढे न्या ट्रांग, आणि शेवटी सायगॉन. दहा-बारा दिवस असतील तर हे आरामात होतं, आठच असतील तर न्या ट्रांग सोडा. गुहांची आवड असेल तर ह्युएच्या आधी डोंग होईला उतरा, फोंग न्हाच्या गुहा तिथून साधारण 45 किमीवर आहेत.

विमानाचं तिकीट जाताना हनोईचं आणि येताना सायगॉनचं काढा म्हणजे परत वर जावं लागत नाही. ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच घ्या, सिंगल एंट्रीची फी 25 डॉलर आहे आणि 90 दिवसांपर्यंत मिळतो. फॉर्ममध्ये कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार ते विचारतात, तिथे दोन्हीकडे हनोई टाकून मोकळे होऊ नका, बाहेर पडायचं ठिकाण सायगॉनचं तान सन न्हात विमानतळ आहे. नाव आणि नंबर प्रत्येकाने स्वतः पासपोर्ट समोर ठेवून तपासायचे, ग्रुपमधल्या एकाच हुशार माणसावर सोडायचे नाहीत.

महिना कुठला, हेही याच वेळी बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये जोराचा पाऊस आणि पूर असतात, लाइन बंदही पडते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या. आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष येतं, तेत म्हणतात, तेव्हा अख्खा देश गावी निघालेला असतो, आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाड्यांचं जे होतं तेच. त्या आठवड्यांत रेल्वेचा नाद सोडा. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल मला सगळ्यात बरा वाटतो.

किती जण आहात त्यावर डबा निवडा

हा भाग ग्रुपसाठी सगळ्यात महत्त्वाचा. सॉफ्ट स्लीपरच्या केबिनमध्ये चार बर्थ असतात, दोन खाली दोन वर, आणि दार आतून बंद होतं. म्हणजे चार मित्र असाल तर अख्खी खोली तुमची, गप्पा मारा, पत्ते खेळा, सामान पसरा. हार्ड स्लीपरमध्ये सहा बर्थ, तीन-तीन एकावर एक, स्वस्त पडतं पण सगळ्यात वरच्या बर्थवर ताठ बसताच येत नाही, तिथे बारक्या अंगाच्या आणि पडल्या पडल्या झोपणाऱ्या मित्राला पाठवा. सहा जण असाल तर हे केबिन छान जमतं. पाच जण म्हणजे जरा अडचण, पण चार अधिक एक असं तोडण्यापेक्षा सहाच्या केबिनमध्ये पाच आणि एक अनोळखी माणूस, हे मला केव्हाही बरं वाटतं, एकट्याला दुसरीकडे टाकलं की तो रात्रभर कंटाळतो आणि सकाळी त्याचा चेहरा तुम्हालाच बघावा लागतो.

तिकिटं सगळ्यांची एकाच वेळी, एकाच बुकिंगमध्ये काढा आणि सीट मॅपवर केबिन बघून घ्या. रेल्वेची अधिकृत साइट डीएसव्हीएन आहे. तिथे कार्ड चाललं नाही तर बाओलाऊ किंवा ट्वेल्व्ह-गो वरून मिळतात, थोडं कमिशन जातं. दीड-दोन महिने आधी बघायला लागा, खालचे बर्थ महाग असूनही आधी संपतात. तिकिटावर क्यूआर कोड येतो, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा, एकाचीच बॅटरी गेली आणि सगळे अडकले असं नको. सायगॉन स्टेशनचं नाव अजूनही सायगॉनच आहे, हो ची मिन्ह सिटी शोधत बसू नका.

पैशांचं आधीच बोलून घ्या

परदेशात ग्रुपमध्ये कटकट होते ती पैशावरूनच. एक कॉमन किटी करा, पहिल्या दिवशी सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची आणि टॅक्सी, पाणी, नाश्ता, स्टेशनवरची कॉफी सगळं त्यातून. मोठे खर्च स्प्लिटवाइज या हिशोबाच्या ॲपवर. किटी एकाकडेच असू दे, शक्यतो जो नोट दोनदा बघून देतो त्याच्याकडे, कारण 20 हजार डाँग (तिथलं चलन) आणि 5 लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर आहेत आणि रात्रीच्या उजेडात गल्लत होते. एक लाख डाँग म्हणजे आपले साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये, एवढं डोक्यात बसलं की बाजारात हिशोब पटकन होतो. फिरायला ग्रॅब ॲप वापरा, भाडं आधीच दिसतं.

खाण्याची सोय

गाडीत ट्रॉली फिरते, भात, चिकन, पोर्क, असं काहीबाही असतं, पण शाकाहारी माणसाने त्याच्या भरवशावर चढू नये. प्रत्येक डब्यात गरम पाण्याची सोय असते आणि हे आपल्यासाठी वरदान आहे. कपात पाणी ओतून होणारे पोहे, उपमा, सोबत चिवडा, खाकरे, दशम्या, लिंबाचं लोणचं, एवढ्यावर रात्र मस्त निघते. बाहेर खाताना बो म्हणजे गोमांस, हेओ म्हणजे पोर्क, गा म्हणजे कोंबडी, एवढं पाठ करा. पूर्ण शाकाहारी हवं असेल तर पाटीवर चाय (Chay, म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) लिहिलेलं हॉटेल शोधा, नाहीतर भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो.

रात्रीची गाडी

उशी, पांघरूण मिळतं, पण मधल्या स्टेशनवर चढलात तर चादर आधी कोणीतरी वापरलेली असू शकते, म्हणून एक पातळ चादर प्रत्येकाने न्यावी. एसी गार असतो, शाल हवीच. टिश्यू पेपर, साबणाची पट्टी, आणि फोनसाठी पॉवर बँक. खालच्या बर्थखाली मोठ्या बॅगा मावतात, बाकीच्या वरच्या कप्प्यात, त्यामुळे कडक आणि अवाढव्य सुटकेस नेऊ नका. माणशी 20 किलो सामान फुकट आहे.

उतरायच्या अर्धा तास आधीचा अलार्म दोघांनी लावा. अनाउन्समेंट कळेलच असं नाही आणि छोट्या स्टेशनवर गाडी काही मिनिटंच थांबते, पाच जणांच्या बॅगा उतरवायला तेवढा वेळ पुरत नाही. मॅप चालू ठेवा, गाडी लेट असेल तर तेही त्यावर समजतं.

ह्युए ते दा नांग, हा तुकडा दिवसाच

103 किमीचा प्रवास, अडीच ते तीन तास, आणि माझ्या मते सगळी ट्रिप यासाठीच करावी. इथे स्लीपर घेऊ नका, केबिनची खिडकी नेमकी डोंगराच्या बाजूला आली तर सगळं गेलं. साधी एसी सॉफ्ट सीट घ्या. ह्युएहून खाली जाताना समुद्र डावीकडे असतो. लांग कोची खाडी मागे पडली की गाडीचा वेग एकदम कमी होतो, इंजिन चढावर धापा टाकायला लागतं, आणि हाय व्हान घाट सुरू होतो. हायवेच्या गाड्या 2005 पासून सव्वासहा किमीच्या बोगद्यातून जातात पण रेल्वे अजूनही डोंगराला वळसा घालून समुद्राच्या कडेकडेने जाते. वळणावर आपलंच इंजिन पुढे दिसतं, खाली झाडीच्या पलीकडे रिकामी वाळू, मग बोगदा, काळोख, आणि बोगदा संपला की परत तेच निळं पाणी, थोडं आणखी खोल. कोकण रेल्वेवर समुद्र दिसायला किती तरसतो आपण, इथे तो मिनिटामिनिटाला खिडकीत आहे. सगळ्यांना खिडकी मिळणार नाही, तेव्हा दर दहा मिनिटांनी जागा बदलायचं आधीच ठरवा. आणि थोडा वेळ तरी फोन खिशात ठेवा.

दा नांगला आलात की एक गोष्ट ध्यानात घ्या, स्टेशन शेवटच्या टोकासारखं आहे, रूळ तिथेच संपतात, म्हणून पुढे जाणाऱ्या गाडीला इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात आणि ती उलट दिशेने निघते. म्हणजे खिडकीच्या बाजूही उलटतात. तिथूनच न्या ट्रांगची गाडी पकडणार असाल तर समुद्राची बाजू निवडताना हा हिशोब धरा, साधारण नऊ-दहा तासांचा पल्ला आहे.

न्या ट्रांग ते सायगॉन सात-आठ तास, रात्रीची गाडी सोयीची. पण ती पहाटे पोचते आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी असतं, म्हणून हॉटेलला आधी मेसेज करून बॅगा ठेवता येतील का ते विचारून घ्या. स्टेशनच्या बाहेर आल्यावर आधी फूटपाथवरच्या स्टुलांवर बसून बर्फाची कॉफी घ्या आणि तिथेच किटीचा शेवटचा हिशोब उरका, हॉटेलवर गेल्यावर सगळे झोपतात.