केमोथेरपीच्या काळातील भेटीगाठी

केमोथेरपी सुरू आहे म्हणून भेटायला येणाऱ्या सर्वांना सरसकट नकार देण्याची गरज नसते. मात्र भेटीचा दिवस उपचारांच्या चक्राकडे पाहून ठरवावा. अनेक औषधांच्या बाबतीत डोस घेतल्यानंतर साधारणपणे ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत कमी होते आणि संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून गर्दीचे प्रसंग त्या दिवसांत टाळून पुढच्या डोसच्या आधीच्या काही दिवसांत ठेवावेत. आपल्या औषधांसाठी हे दिवस नेमके कोणते, हे डॉक्टरांना विचारून दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. सर्दी-खोकला किंवा ताप असलेल्यांनी, मग ते कितीही जवळचे असोत, फोनवरच बोलावे. यात संकोच नको. रुग्णाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आल्यास रात्र असली तरी लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा.

येणाऱ्यांनी हात धुऊन बसावे आणि अत्तर लावून येऊ नये, कारण एरवी आवडणाऱ्या वासानेही या काळात मळमळू शकते. प्रकृतीची तीच हकिगत प्रत्येकाला सांगणे हे रुग्णासाठी, माझ्या मते, आजारपणाइतकेच थकवणारे काम असते. ते घरातील एका व्यक्तीने स्वतःकडे घ्यावे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणाऱ्या मित्राला नेमके काम सांगावे, उदाहरणार्थ रक्ततपासणीला सोबत जाणे किंवा मुलांना शाळेतून आणणे.