नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आला? वाद घालताना या चुका टाळा

फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्या कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमने मॅट पॅट्रिशियाला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून घेतल्याची बातमी आली, तेव्हा मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन शब्द टाकले: "झालं, संपलं सगळं." एम.एस.साठी कोलंबसला आलेली आणि मग इथेच रुजलेली आम्ही सात-आठ मराठी माणसं. एरवी ग्रुपवर कुठल्या दुकानात हापूस आला आणि कुणाचे आई-बाबा कधी येतायत एवढंच चालतं. ऑगस्ट संपला की मात्र फुटबॉलशिवाय विषय नाही. गणपतीच्या कार्यक्रमाचा शनिवार ठरवतानाही त्या दिवशी घरची मॅच नाही ना, हे आधी बघावं लागतं, नाहीतर निम्मी मंडळी आरतीला येत नाहीत आणि उरलेल्यांना ट्रॅफिक येऊ देत नाही.

तर पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, काही दोनदा.

नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: इथे ऑफेन्सचे (पॉइंट करणारे) अकरा वेगळे आणि डिफेन्सचे (ते अडवणारे) अकरा वेगळे. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बोलिंग कोच नव्हे. दर चेंडूआधी फील्ड लावणारा आणि कुठला चेंडू टाकायचा तेही सांगणारा माणूस डोळ्यासमोर आणा. एका मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा तो हे ठरवतो. 2024 पासून मोठ्या कॉलेजांच्या मॅचमध्ये डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये त्याचा आवाज थेट जातो. अशा माणसाच्या नेमणुकीवर लोक भांडणारच. भांडावंही. फक्त कशावरून भांडतोय, ते बघावं.

बायोडेटाची शेवटची ओळ वाचून निकाल देऊ नका

पॅट्रिशियाच्या बाबतीत मी हेच केलं. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या डेट्रॉइट लायन्सचा हेड कोच म्हणून त्याची कामगिरी 13 विजय, 29 पराभव, 1 बरोबरी. 2020 चा सीझन संपायच्या आधीच त्याला काढलं. हा आकडा इतका वाईट आहे की त्याच्या मागे काय आहे ते बघावंसंच वाटत नाही. पण तो आकडा हेड कोचचा होता, आणि आम्ही घेत होतो कोऑर्डिनेटर. त्याआधी 2012 ते 2017 तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता आणि 2016 मध्ये त्याच्या डिफेन्सने अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी पॉइंट दिले होते. उत्तम जिलबी पाडणाऱ्या माणसाने दुकान चालवायला घेतलं आणि ते बुडालं, तर त्याची जिलबी वाईट ठरत नाही.

आता, तिथे हेड कोच बिल बेलिचिक होता, मग श्रेय नेमकं कुणाचं, हा प्रश्न रास्त आहे. तो विचारा. पण "डेट्रॉइटमध्ये काय दिवे लावले" हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही.

याच चुकीचं दुसरं उदाहरण द्यायला मला मिशिगनचं नाव घ्यावं लागतंय, आणि कोलंबसमध्ये हे नाव कोणी सुखासुखी घेत नाही. उत्तरेकडचे हे आमचे कट्टर प्रतिस्पर्धी, म्हणून इथे त्यांना 'ती वरची टीम' म्हणतात. 2022 मध्ये त्यांनी जेसी मिंटरला आणलं ते व्हँडरबिल्टहून. व्हँडरबिल्टचा आदल्या सीझनचा हिशेब: 2 विजय, 10 पराभव. कागदावर ही नेमणूक कुणालाही पटली नसती. पण मिंटर त्याआधी बाल्टिमोर रेव्हन्समध्ये होता, आणि मिशिगनचा 2021 चा कोऑर्डिनेटर माइक मॅकडोनाल्डही तिथूनच आलेला. म्हणजे खेळाडू जी भाषा वर्षभर शिकले होते, तीच बोलणारा माणूस त्यांनी शोधला. 2023 मध्ये त्या डिफेन्सने मॅचमागे सरासरी 10.4 पॉइंट दिले आणि 8 जानेवारी 2024 ला वॉशिंग्टनला 34-13 हरवून मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. आम्ही त्या रात्री लवकर झोपलो.

म्हणून बायोडेटा वाचताना पहिला प्रश्न "किती जिंकला?" हा नको. आपल्याकडे असलेल्या पोरांना याचं किती नव्याने शिकावं लागेल, ते विचारा.

एका मॅचवरून माणूस ठरवू नका

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजतो. फुटबॉलचं तसं नाही.

पॅट्रिशियाच्या आधीचा कोऑर्डिनेटर जिम नोल्स 2022 च्या सीझनसाठी ओक्लाहोमा स्टेटहून आमच्याकडे आला. त्या वर्षी 26 नोव्हेंबरला मिशिगन कोलंबसला आलं. मध्यंतराला आम्ही 20-17 ने पुढे, शेवट 23-45. त्यांचे पाच टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) 69, 75, 45, 75 आणि 85 यार्डांचे. नोल्सने पुढे गर्दी करून दबाव टाकायचं ठरवलं होतं. अशा डावात एक टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) चुकला की मागे अडवायला कोणी उरत नाही, आणि ते एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. माझ्या मुलाने त्या रात्री विचारलं, "बाबा, आपण त्याला परत पाठवू शकतो का?" मी गप्प बसलो, पण उत्तर मनात तयार होतं.

तेव्हा मी एक गोष्ट बघितली नव्हती. ओक्लाहोमा स्टेटमध्ये नोल्स 2018 ते 2021 अशी चार वर्षं होता. पहिल्या वर्षी त्याचा डिफेन्स भरभरून पॉइंट देत होता, चौथ्या वर्षी तोच देशातल्या चांगल्या डिफेन्समध्ये गणला गेला. माणूस हळू शिजणारा होता. 2023 मध्ये त्याने जुगार कमी केला आणि लांबचे टचडाउन आटले. 12 ऑक्टोबर 2024 ला ओरेगॉनकडून 32-31 हरलो तेव्हा पुन्हा ओरड झाली. त्यानंतरच्या विश्रांतीच्या आठवड्यात त्याने कव्हरेज, म्हणजे पास अडवायची मांडणी, बदललं. 1 जानेवारी 2025 ला रोझ बोलमध्ये त्याच ओरेगॉनविरुद्ध एका क्षणी आम्ही 34-0 ने पुढे होतो. 20 जानेवारीला नोटर डेमला 34-23 हरवून विजेतेपद. त्या सीझनमध्ये देशात सर्वांत कमी पॉइंट देणारा डिफेन्स आमचा होता, सरासरी 12.9.

आणि त्याच जानेवारीत नोल्स पेन स्टेटला गेला! वर्षाला 30 लाख डॉलरच्या वर पगार. त्यांच्या चाहत्यांनी दिवाळी साजरी केली आणि आम्ही सुतकात बसलो. 4 ऑक्टोबर 2025 ला पेन स्टेट यूसीएलएकडून 42-37 हरलं. यूसीएलए तोवर चारही मॅच हरलेलं. आठवड्याने नॉर्थवेस्टर्नकडूनही पेन स्टेट हरलं, आणि दुसऱ्या दिवशी हेड कोच जेम्स फ्रँकलिनची नोकरी गेली.

मग नोल्स चांगला की वाईट? ग्रुपवर यावर आजही एकमत नाही. माझं मत सांगतो. 2024 मध्ये जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआउसारखे चौथ्या वर्षाचे खेळाडू एनएफएलमध्ये न जाता थांबले होते आणि अलाबामाहून केलेब डाउन्स आला होता. ती पोरं नोल्सच्या सुटकेसमध्ये मावणारी नव्हती. पेन स्टेटने माणूस घेतला आणि समजले की डिफेन्स घेतला.

पॉइंटची सरासरी आणि हिसकावलेले चेंडू यांवर फार विसंबू नका

आपल्या क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्या खेळाडूने) चेंडू समोरच्याच्या हातात दिला आणि त्याने पळत जाऊन टचडाउन केला, तर तेही पॉइंट टीमच्या नावावर लागतात. डिफेन्स तेव्हा बाकावर पाणी पीत असतो. ऑफेन्स घाईघाईने खेळत असेल तर डिफेन्सला जास्त प्ले (एकेक चाल) खेळावे लागतात, आणि मग सरासरी फुगते. यापेक्षा एका प्लेमागे समोरच्याला किती यार्ड पुढे जाऊ दिलं, हा आकडा बराच प्रामाणिक.

हिसकावलेल्या चेंडूंचं तर विचारूच नका. 2022 मध्ये यूएससीचा डिफेन्स चेंडू हिसकावण्यात इतका पुढे होता की देण्या-घेण्याच्या हिशेबात टीम देशात आघाडीवर होती. कोऑर्डिनेटर ॲलेक्स ग्रिंचचं हे कसब आहे, असं म्हणणारे तेव्हा होते. पण यार्ड ते वाटतच होते. त्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये टुलेनने त्यांना 46-45 हरवलं. पुढच्या वर्षी नशिबाची साथ सुटली, 4 नोव्हेंबर 2023 ला वॉशिंग्टनने 52 पॉइंट ठोकले आणि दुसऱ्या दिवशी ग्रिंच बाहेर. फुटबॉलचा आकारच असा आहे की जमिनीवर पडल्यावर तो कुणाकडे उडेल हे कोणताही कोच शिकवू शकत नाही. चेंडू सुटायला लावणं हे कसब, तो आपल्याला सापडणं ही बरीचशी लॉटरी.

4-3 की 3-4 यावर रात्र घालवू नका

हे लवकर आटपतो. पुढच्या ओळीत चार लाइनमन आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर, की उलट, एवढाच हा वाद. आजच्या कॉलेज फुटबॉलमध्ये बहुतेक वेळ पाच-पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे) मैदानावर असतात, त्यामुळे कागदावरची ही नावं बरीचशी नावापुरती. 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही नोल्सच्या 'जॅक' नावाच्या जागेवर, म्हणजे अर्धा लाइनमन आणि अर्धा लाइनबॅकर अशा खेळाडूवर, महिनाभर वाद घातला. सीझनमध्ये तो जॅक क्वचितच दिसला.

जुन्या नावाला भुलू नका

एलएसयूने (लुइझियाना स्टेट) 2007 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा बो पेलिनी डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता. 2020 मध्ये त्याला पुन्हा आणलं. जुना जावई घरी आल्यासारखं स्वागत! 26 सप्टेंबरला पहिलीच मॅच, मिसिसिपी स्टेटविरुद्ध, स्वतःच्या मैदानावर. समोर दर प्लेला पास टाकणारा माइक लीचचा ऑफेन्स. पेलिनीच्या डिफेन्सने एकास एक पकडून ठेवायचा हट्ट सोडला नाही आणि क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोने 623 यार्ड पास टाकले. तो त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे टीमच्या गटाचा, विक्रम ठरला. मॅच 34-44 अशी गेली आणि एका सीझनमध्ये पेलिनीची गच्छंती झाली. तेरा वर्षांत पास टाकण्याचा खेळ कुठल्या कुठे गेला होता. विजेतेपदाचा फोटो भिंतीवर तसाच होता, एवढंच.

जुना माणूस परत येत असेल तर मधल्या वर्षांत तो कुठे होता आणि अलीकडे कुणाच्या ऑफेन्सला त्याने रोखलं, हे आधी शोधा.

हाताखालचे कोच विसरू नका

ही चूक जवळजवळ सगळे करतात. 2025 मध्ये आमच्या डिफेन्समधले अकरापैकी आठ नेहमीचे खेळाडू गेले होते, कोऑर्डिनेटरही नवा. मग टिकलं काय? लाइनचा कोच लॅरी जॉन्सन, जो 2014 पासून इथे होता. कॉर्नरबॅकचा टिम वॉल्टन. लाइनबॅकरचा जेम्स लॉरिनाइटिस, जो इथेच खेळला. पोरांना रोज मैदानावर घासणारी ही माणसं जागेवर होती. पॅट्रिशियाने ती बदलली नाहीत, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. नवा माणूस आल्याबरोबर आपले चार दोस्त घेऊन येतो, तेव्हा खरी काळजी करावी.

सप्टेंबरमध्ये गडबड दिसली तर कुठे बघायचं

मॅच बघताना चेंडूवरची नजर काढा. अवघड आहे, पण चार-पाच प्ले तरी फक्त सर्वांत मागे उभ्या असलेल्या दोन-तीन खेळाडूंकडे, म्हणजे सेफ्टींकडे, बघा. लांबचे टचडाउन जात असतील तर बहुधा दुखणं तिथे असतं: एक तर ते फार पुढे उभे आहेत, किंवा धावत येताना कोन चुकवतायत. उभे राहण्याची जागा चुकली तर बोट कोऑर्डिनेटरकडे, कोन चुकला तर सरावाकडे आणि खेळाडूकडे.

चेंडू सुटायच्या क्षणी दोन-तीन जण एकमेकांकडे हातवारे करत असतील तर पोरांना कॉल कळलेला नाही. पहिल्या दोन मॅचमध्ये हे माफ. ऑक्टोबरमध्येही तेच चालू असेल तर कोऑर्डिनेटरने पुस्तक फार जाड आणलंय. समोरचा दरवेळी पाच-सहा यार्ड सरळ मधून धावत असेल तर डावपेचांवर बोलण्यात अर्थ नाही. मधले दोन लाइनमन कमी पडतायत, आणि तो दोष मागच्या दोन वर्षांच्या भरतीचा. आणि मध्यंतरानंतर बघा. पहिल्या अर्ध्यात ज्या प्लेने मार खाल्ला, त्याच प्लेने तिसऱ्या क्वार्टरमध्ये पुन्हा खाल्ला, तर मात्र खुशाल ओरडा. मीही ओरडेन.

लिंबू-टिंबू टीमविरुद्धच्या मॅचवरून यातलं काही कळत नाही. आमच्या नशिबाने 2025 ची पहिलीच मॅच, 30 ऑगस्टला, देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या टेक्सासशी होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टेक्सास चौथ्या डाउनवर (शेवटच्या प्रयत्नात) गोल लाइनपासून एका यार्डावर आलं, आणि त्यांचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगला आमच्या लाइनने तिथेच दाबलं. मॅच 14-7 ने जिंकली. स्टेडियममधून बाहेर पडताना फोन बघितला तर ग्रुपवर कुणीतरी माझा फेब्रुवारीतला मेसेज वर काढून त्यावर हार घातला होता. डिलीट करायची मुदत केव्हाच संपली होती.