पाठ आहे, तरी मार्क जातात: बायोलॉजीत या चुका टाळा

अकरावीच्या आणि एफवायच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गंमत दरवर्षी दिसते. 'परासरण म्हणजे काय?' या दोन मार्कांच्या प्रश्नाला बहुतेक जण चोख व्याख्या लिहितात: पातळ द्रावणातून दाट द्रावणाकडे पाणी पटलातून जाणं. 'निवडक्षम पारपटल', म्हणजे पाणी जाऊ देणारं पण मीठ अडवणारं पटल, हा शब्दसुद्धा न चुकता. त्याच्या खालीच विचारलेलं असतं: कांद्याच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की थोड्या वेळाने वाडग्यात पाणी का सुटतं? उत्तर येतं, "मीठ कांद्यात शिरतं आणि पाण्याला बाहेर ढकलतं." व्याख्या चारच ओळी वर लिहिलेली असते. तिचा या वाडग्याशी काही संबंध असेल अशी पुसटशी शंकाही आलेली नसते.

यांनी अभ्यास केला नाही असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण केलेला असतो. घोटाळा बहुतेक वेळा एखाद्या शब्दापाशी होतो. पुस्तकातला शब्द आणि घरातला शब्द एकच, अर्थ मात्र वेगळा. आणि परीक्षेच्या घाईत घरचा अर्थ पुढे घुसतो. गेली बरीच वर्षं लाल पेन हातात धरून ज्या जागा मला तोंडपाठ झाल्यात, त्या इथे सांगते.

'जास्त' म्हणजे कशाचं जास्त?

'पाणी कमी संहतीकडून जास्त संहतीकडे जातं.' संहती म्हणजे द्रावणातलं एखाद्या पदार्थाचं प्रमाण. आता हे वाक्य बरोबर की चूक? मिठाच्या संहतीबद्दल बोलत असाल तर बरोबर, पाण्याबद्दल बोलत असाल तर चूक. कशाची संहती ते लिहिलंच नसेल, तर तपासणाऱ्याने तुमच्या मनात शिरून मार्क द्यायचे का? 'संहती' लिहिलंत की तिच्या आधी 'मिठाची', 'साखरेची' किंवा 'पाण्याची' यातलं काहीतरी आलंच पाहिजे. एवढ्या एका सवयीने परासरणाचे निम्मे मार्क वाचतात.

दुसरी अडचण 'अतिपरासारी' म्हणजे हायपरटॉनिक या शब्दाची. मुलं त्याला मिठाच्या पाण्याचा गुणधर्म समजतात, जसा खारटपणा. पण तो 'उंच' या शब्दासारखा आहे: कोणापेक्षा उंच ते सांगावं लागतं. ०.९ टक्के मिठाचं पाणी आपल्या तांबड्या रक्तपेशीच्या तुलनेत समपरासारी, म्हणजे आयसोटॉनिक असतं, म्हणून तर सलाइन तेवढ्या ताकदीचं असतं. तेच पाणी डिस्टिल्ड वॉटरच्या तुलनेत अतिपरासारी. बाटली एकच, उत्तरं दोन.

रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाचं प्रॅक्टिकल आठवा. पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल सोलायची, स्लाइडवर ठेवायची, मिठाच्या दाट पाण्याचा थेंब टाकायचा आणि बघत राहायचं. जांभळा रंग आधी पेशीच्या कोपऱ्यांतून सुटतो, मग मध्ये गोळा होत जातो. बाहेरची भिंत मात्र जिथल्या तिथे, जशीच्या तशी. हे रसाकुंचन. आता जर्नलमधल्या आकृत्या बघा: दहापैकी तीन-चार जणांनी अख्खी पेशीच, भिंतीसकट, मनुक्यासारखी सुरकुतवलेली असते. मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातलेला असतो, पण आकृती 'पेशी आक्रसते' या वाक्यावरून काढलेली असते. आक्रसतं ते भिंतीच्या आतलं. हे एकदा डोळ्यात बसलं की पुढचा नेहमीचा प्रश्नही सुटतो: डिस्टिल्ड वॉटरमध्ये रक्तपेशी फुटते आणि वनस्पतीची पेशी का फुटत नाही? तीच भिंत तिला आवरून धरते.

श्वसन आणि श्वासोच्छ्वास

'रात्री झाडाखाली झोपू नये' हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. त्यातून डोक्यात एक टाइमटेबल तयार होतं: झाड दिवसा प्रकाशसंश्लेषण करतं, रात्री श्वसन. जणू दोन पाळ्यांतला कारखाना. पण श्वासोच्छ्वास म्हणजे नुसतं हवा आत-बाहेर करणं; पेशीश्वसन म्हणजे पेशीने साखर मोडून ऊर्जा मिळवणं, आणि ते चोवीस तास चालू असतं, भर दुपारीसुद्धा. दुपारी प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे पानातून ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, इतकंच. आणि मुळांना तर कधीच ऊन मिळत नाही. त्यांच्या पेशी पानांकडून आलेल्या साखरेवर श्वसन करूनच जगतात.

मी वर्गात एक प्रश्न हमखास टाकते. शंभर ग्रॅम कोरडी मटकी घेतली, भिजवली, फडक्यात बांधून दोन दिवस अंधारात मोड आणले. मग ओव्हनमध्ये ठेवून सगळं पाणी उडवलं. आता वजन शंभर ग्रॅमपेक्षा जास्त, तेवढंच की कमी?

"जास्त, मॅडम. मोड आले म्हणजे वाढ झाली ना?"

"अगं, पण वाढ कशातून झाली? पाणी तर आपण उडवलं."

मग वर्ग शांत. उत्तर 'कमी' असं आहे. फडक्यात ऊन नाही, त्यामुळे नवीन अन्न तयार होत नाही. दाण्यात साठवलेलं पिष्ट मात्र श्वसनात खर्च होतं आणि त्यातला कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो. मोड आणायला बांधलेली पुरचुंडी सकाळी उघडताना हाताला कोमट लागते ना? ती ऊब या खर्चाचीच.

याच प्रश्नाची दुसरी बाजू अशी: मोठ्या झाडाच्या खोडातलं लाकूड कुठून येतं? 'मातीतून' हे उत्तर इतकं जुनं आहे की ते तपासायला यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँटने कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती भरून त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. सव्वादोन किलोचं रोप ७६ किलोंच्या वर गेलं, मातीचं वजन घटलं जेमतेम ५०-६० ग्रॅम. हे १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. त्याचं अर्धंच बरोबर होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबातच नव्हता. 'झाडाचं अन्न म्हणजे खत' असं लिहिणाऱ्यांनी तरी हेल्माँटला हसू नये. खतातून खनिजं मिळतात; अन्न, म्हणजे साखर, झाड स्वतः बनवतं.

'प्रभावी' म्हणजे जोरदार नव्हे

मेंडेलच्या, म्हणजे आनुवंशिकतेच्या प्रकरणात सगळ्यात जास्त बळी घेणारा शब्द हाच. प्रभावी म्हणजे ताकदवान, चांगला आणि म्हणून समाजात जास्त आढळणारा, असं मनातल्या मनात धरलं जातं. हाताला सहावं बोट येणं बऱ्याच घराण्यांत प्रभावी जनुकामुळे असतं. तुमच्या वर्गात अशी किती मुलं आहेत? उलट ओ रक्तगट अप्रभावी, पण आपल्याकडे ओवाले पैशाला पासरी. प्रभावी याचा अर्थ एवढाच की दोन वेगळी रूपं एकत्र आली तर बाहेर दिसतं ते कोणतं. लोकसंख्येत कोणाचं प्रमाण किती, हा सर्वस्वी निराळा प्रश्न.

आता ३:१, म्हणजे दुसऱ्या पिढीतलं प्रभावी आणि अप्रभावी रूपांचं प्रमाण. मेंडेलने मोजलेल्या वाटाण्याच्या ७३२४ दाण्यांत ५४७४ गोल होते आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे २.९६ ला १. एवढे दाणे मोजल्यावर हे जमलं. चार दाण्यांच्या शेंगेत बरोबर तीन गोल, एक सुरकुतलेला असं निघण्याची शक्यता ४२ टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त शेंगांत ३:१ दिसणारच नाही आणि तरीही मेंडेल चुकत नाही.

हा घोटाळा पेपरापुरता राहत नाही. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात ओळखीचा. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून सदोष जनुक आलं तर आजार होतो; एकाकडूनच आलं तर ते मूल वाहक. तिकडच्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "आईवडील दोघेही वाहक, पहिल्या मुलाला आजार झाला. मग चारातला एक होऊन गेला, आता पुढची तीन सुटली ना?" नाही सुटली. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने एक-चतुर्थांश. आधीच्या मुलाचं काय झालं हे पुढच्या मुलाच्या जनुकांना माहीत नसतं.

याच जोडप्यावरचा पुढचा प्रश्न भल्याभल्यांना गाळतो: त्यांचं एक मूल निरोगी आहे, ते वाहक असण्याची शक्यता किती? जवळजवळ सगळे १/२ लिहितात, कारण आईवडिलांची जनुकं जुळवून काढलेल्या चौकटीत चारपैकी दोन घरं वाहकांची दिसतात. पण मूल निरोगी आहे हे प्रश्नातच सांगितलंय, म्हणजे आजाराचं घर खोडा. उरली तीन, त्यातली दोन वाहकांची. उत्तर २/३. प्रश्नात दिलेली माहिती चौकटीवर आधी लावायची, मग मोजायचं.

आणि रक्तगटाच्या प्रश्नात 'अशक्य' लिहिण्याआधी एक क्षण थांबा. आई ए, वडील तपासणीत ओ, मूल बी: अशक्य? १९५२ मध्ये मुंबईतल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एका विलक्षण रक्तगटाची नोंद केली, त्यालाच बॉम्बे रक्तगट म्हणतात. अशा माणसाकडे बी चं जनुक असू शकतं, पण रक्तपेशीवरच्या ज्या एच प्रतिजनावर, म्हणजे ओळखीच्या खुणेवर, ए किंवा बी उभे राहतात तोच शरीरात तयार होत नाही. म्हणून नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो. प्रश्नात 'बॉम्बे' शब्द नसेल तर नेहमीचा नियम वापरा, पण कारण द्या म्हटलं असेल तर हे माहीत असलेलं बरं.

गुणसूत्रं मोजताना

इथे भाषेचा दोष कमी आणि मोजणीचा जास्त. एकच नियम: गुणसूत्रबिंदू मोजा, म्हणजे गुणसूत्राच्या प्रती, अर्धगुणसूत्रं, जिथे जोडलेल्या असतात ती जागा. जितके बिंदू, तितकी गुणसूत्रं. डीएनएची प्रत निघाल्यावर माणसाच्या पेशीत अर्धगुणसूत्रं ९२ असतात, पण ती जोडीजोडीने एकाच बिंदूला धरलेली, म्हणून गुणसूत्रं ४६च. मायटोसिसच्या, म्हणजे साध्या पेशीविभाजनाच्या ॲनाफेज या टप्प्यात बिंदू सुटतात, तेव्हा त्या क्षणी ९२.

कांद्याच्या मुळाचं टोक स्लाइडवर दाबून तुम्ही बघितलंच असेल. कांद्याची गुणसूत्रं १६. मिऑसिसचा, म्हणजे परागकणासारख्या पेशी बनवणाऱ्या विभाजनाचा प्रश्न आला की मुलं म्हणतात, विभाजन दोनदा, म्हणजे दोनदा निम्मे: १६, ८, ४. परागकणात चार! खरं तर संख्या निम्मी होते ती पहिल्याच विभाजनात, १६ ची ८. तेव्हाही प्रत्येक गुणसूत्राला दोन अर्धगुणसूत्रं असतात. दुसऱ्या विभाजनात ती वेगळी होतात आणि संख्या ८च राहते. दोनदा निम्मं होतं ते डीएनएचं प्रमाण, आणि तेही आधी दुप्पट झालेलं असतं म्हणून. दोन रंगांचे स्केचपेन घ्या, चार गुणसूत्रांची एक पेशी काढा आणि शेवटपर्यंत न्या. दहा मिनिटं लागतात. वाचून हे समजत नाही, मला तरी समजलं नव्हतं.

मोजणीत चुकलात तर फार मनाला लावून घेऊ नका. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं १९२० च्या दशकापासून तीसेक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. ४६ हा आकडा जो-हिन टीयो आणि अल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमधल्या लुंडमध्ये पक्का केला, तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

'अळी औषधाला सरावली'

शेतात हे वाक्य सर्रास म्हटलं जातं. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, आपल्याकडे परवानगी मिळाली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली तीच कपाशी पोखरली. अळी सरावली, असं आपण म्हणतो. ऐकणाऱ्यासमोर चित्र उभं राहतं ते एका अळीचं: थोडं थोडं विष खाऊन ती घट्ट झाली, अगदी आपल्याला तिखटाची सवय होते तशी. उत्तरपत्रिकेत तेच उतरतं: 'जिवाणूंनी प्रतिजैविकाशी जुळवून घेण्यासाठी उत्परिवर्तन केले.'

या 'साठी'वर मी लाल गोल करते. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, गरजेसाठी होत नाही. ते आधीच, योगायोगाने, काही मोजक्यांत झालेलं असतं. विष येतं, बाकीचे मरतात, ते मोजके उरतात आणि पुढची पिढी त्यांची असते. बदलते ती पिढ्यांमधली टक्केवारी. एकेक अळी होती तशीच राहते. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर हेच दाखवलं. एकाच वाणाचे जिवाणू अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवून त्यांच्यावर जिवाणू मारणारे विषाणू सोडले, तर काही नळ्यांत जवळजवळ कोणीच वाचलं नाही आणि काहींत वाचलेल्यांचा ढीग. विषाणू भेटल्यावर जिवाणू 'शिकत' असते तर सगळ्या नळ्यांत साधारण सारखे वाचले असते.

जिराफ असो, डास असो की जिवाणू, उत्तरात 'साठी', 'म्हणून त्याने' किंवा 'गरज पडल्यामुळे' आलं की थांबा आणि वाक्य पुन्हा लिहा: आधीपासून वेगळेपण होतं, काही टिकले, त्यांची पिल्लं वाढली. आणि हो, प्रतिजैविकाला दाद देईनासे होतात ते जिवाणू. 'माझं शरीर गोळ्यांना सरावलं' हे जीवशास्त्राच्या पेपरात चालत नाही.

उरलेसुरले

धमनी म्हणजे शुद्ध रक्त, असं पाठ केलेल्यांना फुफ्फुसधमनी दरवर्षी पाडते. धमनी हृदयाकडून दूर नेते, शीर हृदयाकडे आणते. रक्तात ऑक्सिजन किती, याचा नावाशी संबंध नाही. जिवाणूंच्या रायबोसोमचे ५० एस आणि ३० एस हे भाग मिळून ८० एस का होत नाहीत, ७० एस का, असा वाद घालू नका: एस हे तळाशी बसण्याच्या वेगाचं माप आहे, वजनाचं नाही, त्याची बेरीज होत नसते. जिवाणू आणि विषाणू हे शब्द आलटूनपालटून वापरू नका.

'खालीलपैकी चूक विधान कोणते' यातल्या 'चूक'ला वाचतानाच गोल करा. एमएचटी-सीईटीत चुकीला दंड नाही, तिथे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. नीटमध्ये बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, तिथे निदान एक पर्याय खात्रीने खोडता येत असेल तर उत्तर द्यावं.

आकृतीतल्या नावांच्या रेघा एकमेकींना छेदू देऊ नका, बाण काढू नका, रेघ त्या भागाला टेकली पाहिजे, हवेत लटकता कामा नये. आणि मॅंजिफेरा इंडिका हे आंब्याचं शास्त्रीय नाव हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ ओढायची. एकच लांब रेघ ओढली की माझ्याकडून अर्धा मार्क कापला जातो, मग आंबा कितीही सुंदर काढलेला असो.