नागपूरच्या उन्हाळ्यात बोर्दो मुरवताना

वाइन मुरवायला तळघर हवं, हे नागपुरात विसरून जा. जमिनीखाली काही मीटरवर तापमान साधारण त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतकं असतं. जिथून ही रेड वाइन येते त्या फ्रान्समधल्या बोर्दो शहराची ही सरासरी १३-१४ अंशांच्या आसपास आहे, नागपूरची २७ च्या आसपास. म्हणजे महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याला तळघर असलं, तरी ते वाइनसाठी बारमाही कोमटच. रेड वाइन दहा-पंधरा वर्षं ठेवायची तर १२ ते १४ अंश लागतात, आणि ते इथे यंत्राशिवाय मिळत नाहीत.

उष्णतेने नेमकं काय बिघडतं? रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो. मग ३४ अंशांत वाइन चौपट लवकर मुरेल, असा हिशेब नवखे मांडतात. तसं होत नाही. सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत. फळाचा ताजेपणा आधी जातो, टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या तुरट द्रव्यांचा, राकटपणा मागेच राहतो, आणि वाइनला शिजवलेल्या आलुबुखाऱ्याचा जड वास येतो. शिवाय तापलेली वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते, रात्री गार झाली की बुचाच्या कडेने हवा आत ओढते. नवतप्याच्या नऊ दिवसांत हा खेळ रोज चालतो. कूलरच्या खोलीत २८-३० अंश मिळाले म्हणून समाधान मानू नये. कूलर बंद होताच पारा पुन्हा चढतो.

म्हणून आधी एक गोष्ट ठरवा: वाइन फ्रीज घेणार की नाही? घेणार नसाल, तर नोव्हेंबरात बाटली आणा आणि फेब्रुवारी संपेपर्यंत प्या. यात काही कमीपणा नाही. आधीच मुरलेली बाटली विकत घेऊन हिवाळ्यात उघडणं हे मे महिन्यात कपाटात उकडवण्यापेक्षा कितीतरी बरं.

फ्रीज घ्यायचाच असेल तर कॉम्प्रेसरचाच घ्या. थर्मोइलेक्ट्रिक फ्रीज आवाज करत नाही, स्वस्त असतो, पण खोलीपेक्षा साधारण १०-१५ अंशच खाली जाऊ शकतो. ४० अंशांच्या खोलीत तो २५ वर अडकतो. मागच्या पट्टीवर हवामान वर्ग लिहिलेला असतो: एन वर्ग ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. नागपुरात टी पाहिजे, आणि तोही गच्चीच्या खोलीत किंवा गॅलरीत नको. आतल्या, सावलीच्या खोलीत, मागे हवा खेळायला दहाएक सेंटिमीटर जागा सोडून. दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून बघा. काही मॉडेल वीज परतल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, काही ठरवलेलं तापमान विसरतात. तुम्ही चार दिवस गावाला गेलात आणि मध्ये लाइट गेली, तर असा फ्रीज घात करतो. स्टॅबिलायझर लावाच. एरवी दोन-चार तास वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला फ्रीज हळूहळूच तापतो, त्यामुळे रिकामे कप्पे पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवावेत.

फ्रीजवरचा आकडा हवेचा असतो, वाइनचा नाही. एका रिकाम्या बाटलीत पाणी भरून तिच्यात मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटरची तार सोडा आणि ती वरच्या कप्प्यात ठेवा. दिवसभरात पाण्यात एक अंशाचा फरक दिसला तर चिंता नाही. चार-पाच अंशांचा दिसला तर दाराचं रबर तपासा, मागच्या जाळीवरची धूळ काढा. ही सफाई दर मार्चअखेरीस करायचीच. आर्द्रता ५० ते ७५ टक्के चालते. मेमध्ये बाहेरची हवा कोरडी ठक्क असते, तेव्हा आत पाण्याची वाटी ठेवा. जुलैत ती काढा, नाहीतर लेबलवर बुरशी धरते. लेबल जपायचंच असेल तर बाटलीला पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळावी. बाटल्या आडव्या, म्हणजे बूच आतून ओलं राहतं.

आता काय ठेवायचं. जगातली बहुतेक रेड वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच बनते, आणि बोर्दोतलीही बरीचशी तशीच. साध्या बोर्दोला ३ ते ६ वर्षं पुरतात, चांगल्या क्रू बुर्जवाला (अव्वल घरांच्या खालची श्रेणी) ८ ते १२. पंधरा ते तीस वर्षांची भाषा १८५५ साली ठरलेल्या अव्वल घरांच्या वर्गवारीतल्या शॅटोंना (वाइन बनवणाऱ्या घरांना) आणि त्यांच्या तोडीच्या घरांना शोभते. नदीच्या डाव्या काठावर, म्हणजे पोइयाक, मार्गो, सेंत जुलियें या भागात, कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष मुख्य; टॅनिन जास्त, म्हणून वाट बघणंही जास्त. उजव्या काठावर सेंत एमिलियों आणि पोमरोलला मेर्लो हे द्राक्ष वरचढ, त्याची वाइन थोडी लवकर मऊ होते. साल, म्हणजे लेबलवरचं द्राक्षकाढणीचं वर्ष, बघताना २००५, २०१० आणि २०१६ ही दमदार, लांब टिकणारी, २००९ पिकलेलं, उघडं, २०१३ कमजोर. नवख्याने २०१४ चा शोध घ्यावा: मोठ्या सालांइतका गाजावाजा नाही, किंमत तुलनेने बेताची, आणि डाव्या काठावरच्या बऱ्याच बाटल्या आता पिण्याजोग्या झाल्या आहेत. बोर्दोच्या धर्तीच्या आपल्याकडच्या कॅबर्नेबद्दल स्पष्ट सांगायचं तर नाशिककडची बहुतेक बाटली ३ ते ५ वर्षांत संपवावी. हात बसवायला ती उत्तम. चूक झाली तरी खिशाला झळ कमी.

दुकानात बाटली उजेडाकडे धरून आतली पातळी बघा. दहा-बारा वर्षांच्या बाटलीत वाइन मानेतच असायला हवी. वीस-पंचवीस वर्षांनी मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या टोकाला आली तरी चालते. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर हवा शिरली आहे, घेऊ नका. मग बोटाने कॅप्सूल, म्हणजे बुचावरचं फॉइलचं आवरण, चाचपा. चिकट लागली, किंवा खालून तांबूस ओघळ वाळलेला दिसला, तर ही बाटली कधीतरी तापली आहे. बूच कॅप्सूलखाली फुगून वर आलेलं असणं हीही तीच खूण. आयातदाराच्या स्टिकरवर आयातीचा महिना असतो. तो जुना असेल तर मधले उन्हाळे बाटलीने कुठे काढले, हे विचारायला लाजू नका. एसी नसलेल्या दुकानाच्या शोकेसमधली बाटली फुकट मिळाली तरी भाजीत घालण्यापुरतीच.

परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या. समृद्धी महामार्गाने नाशिक-मुंबईहून गाडीत आणायचा विचार असेल तर दोन अडचणी: हा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथे दारूबंदी आहे, आणि उन्हाळ्यात डिकी काही तासांतच भट्टी होते. त्यापेक्षा नागपुरातल्या परवानाधारक दुकानदाराकडून हिवाळ्यात मागवा. मद्य परवाना काढून ठेवा, आणि घरात किती साठा चालतो ते राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. सेलरची हौस तिथूनच सुरू व्हायला हवी.

प्रवास केलेली जुनी बाटली लगेच उघडू नये. तळाचा गाळ ढवळलेला असतो. तीन-चार आठवडे आडवी राहू द्या. हा गाळ म्हणजे खराबी नव्हे. टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून मोठी झाली की खाली बसतात. त्यानेच वाइन मऊ होते आणि जांभळा रंग विटकरीकडे झुकतो.

उघडायच्या दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा. उभी करतानाही एका दमात नाही, हळूहळू. फॉइल ओठाच्या खालच्या कडेखाली कापा, तोंड ओल्या फडक्याने पुसा. वरची काळी बुरशी घाबरण्यासारखी नसते. पंधरा वर्षांपुढच्या बुचाला नेहमीचा स्क्रू धोक्याचा, मधून पोखरून काढतो. त्यासाठी दोन पात्यांचा आह-सो ओपनर घ्या. आधी लांब पातं काच आणि बूच यांच्या फटीत, मग आखूड. दोन्ही बाजूंना आलटूनपालटून डोलवत खाली उतरवा. मूठ टेकली की फिरवत फिरवत वर घ्या. नुसतं ओढलंत तर पाती हातात, बूच तिथेच. बूच आत सरकू लागलं तर थांबा. पाती बाहेर काढा, स्क्रू मध्यातून बसवा, मग पाती पुन्हा बाजूंनी घालून दोन्ही एकत्र ओढा. एवढं करूनही तुकडे आत पडले तर धुतलेल्या मलमलमधून गाळा; मात्र ती मलमल साबणाने धुतलेली नको.

काचेच्या जगमध्ये ओतताना बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवा. एकाच संथ धारेत ओता, मध्ये बाटली उभी करू नका, नाहीतर गाळ परत मिसळतो. बोर्दोच्या बाटलीचे खांदे उंच असतात ते इथे कामी येतात: गाळ खांद्यात अडकतो. तिथून काळा धूर मानेकडे सरकताना दिसला की बस. तळाची पन्नासेक मिलि सोडून द्या. पंचवीस वर्षांपुढची वाइन पिण्याच्या वेळीच जगमध्ये घ्या, तासभर उघडी ठेवलीत तर तिचा वास उडून जातो. दहा-बारा वर्षांच्या तगड्या कॅबर्नेला मात्र एक ते दोन तास द्या.

रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्याकडे १६ ते १८ अंशांवर द्या. एसी २३-२४ वर ठेवला तरी ग्लासातली वाइन लवकर तापते, म्हणून एका वेळी ७५ मिलिच ओता. चुकून तापलीच तर बर्फ-पाण्याच्या बादलीत पाच-सात मिनिटं. ग्लासात बर्फ नको.

पहिला वास विचित्र आला तर लगेच नाक मुरडू नका. बंद बाटलीचा कोंदट वास दहा मिनिटांत उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र वेळ जाईल तसा वाढतो. तो बुचातल्या ट्रायक्लोरोअॅनिसोलचा दोष, त्यावर उपाय नाही. मुरलेल्या बोर्दोत जांभूळ-करवंदासारखं फळ मागे सरकतं, देवदाराचं लाकूड, तंबाखूचं पान, चामडं, पावसानंतरची माती पुढे येते. हे टिपायचं तर खोलीत उदबत्ती, मोगरा आणि फोडणी तिन्ही बंद.

जेवणाचं म्हणाल, तर सावजी मटण आणि जुनी बोर्दो एकत्र आणू नका. मिरचीने अल्कोहोल जळजळतं, टॅनिन कडवट होतं, आणि नाजूक वास खसखस-खोबऱ्याच्या काळ्या मसाल्याखाली गाडला जातो. सांबारवडीचंही तेच. मीठ, मिरी आणि लसूण लावून भाजलेली बकऱ्याची रान, लोण्यावर परतलेले मशरूम, मुरलेलं चेडर हे जमतं. संत्र्याची बर्फी शेवटी, ग्लास रिकामा झाल्यावर. गोडासमोर ही वाइन आंबट लागते.

उरली तर ३७५ मिलिच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून साध्या फ्रीजमध्ये ठेवा. तरुण वाइन अशी दोन-तीन दिवस राहते, पंचवीस वर्षांची सकाळपर्यंतही टिकेलच असं नाही. शक्य असेल तर एकाच वाइनच्या तीन बाटल्या घ्या, दोन-दोन वर्षांच्या अंतराने उघडा, आणि प्रत्येक वेळी वहीत तारीख, पातळी, बुचाची अवस्था आणि किती वेळाने चव खुलली ते लिहा. दुसरी बाटली पहिलीपेक्षा फिकी वाटली, तर तिसरी त्याच हिवाळ्यात उघडा.