ब्रोकरची स्क्रीन एकदा स्वतः बघा
अमेरिकेत घर घेताय आणि लोन मॉर्गेज ब्रोकरकडून करताय, तर तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती टाकून होलसेल लेंडर शोधतो ती स्क्रीन शेअर करायला सांगाच, कारण हे लेंडर थेट आपल्याशी बोलत नाहीत, सगळं ब्रोकरमार्फत. आधी भरलेली माहिती तपासा, क्रेडिट स्कोअर, डाउन पेमेंट, स्वतः राहणार की भाड्याने देणार. क्रेडिट स्कोअर ७३९ आणि ७४० मध्ये फरक फक्त एकाचा, पण फॅनी मे (लेंडरकडून लोन विकत घेणारी मोठी कंपनी) हिच्या तक्त्यात रकाना बदलतो आणि व्याजाचा रेटही बदलू शकतो. माझ्या मित्राचं राहतं घर चुकून इन्व्हेस्टमेंट म्हणून टिक झालं होतं, रेट बघून बिचारा दोन दिवस झोपला नाही!

लिस्टमधला सगळ्यात कमी रेट बघून लगेच हो म्हणू नका हां, शेजारी पॉइंट्स (रेट कमी करून घ्यायला आधीच भरायची फी) किती ते बघा, ४ लाख डॉलरच्या लोनवर १ पॉइंट म्हणजे ४,००० डॉलर. रेट लॉक, म्हणजे ठरलेला रेट किती दिवस बदलणार नाही, तो ३० दिवसांचा की ४५ चा, तेही सगळीकडे सारखं ठेवून मगच तुलना करा. आणि एच-१बीवाल्यांनो, वरच्या दोन-तीन लेंडरना तुमची व्हिसाची केस चालते का हे ब्रोकरला अर्ज करायच्या आधीच विचारून घ्यायला लावा, काही जण स्वतःच्या जादा अटी लावतात.