पाणी तुंबले, तर जबाबदारी कोणाची हे कसे शोधावे?

गल्लीत गुडघाभर पाणी साचले की आपण महापालिकेला फोन करतो आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर ऐकून हताश होतो. म्हणून तक्रार लिहिण्याआधी पाणी नेमके कुठून आले, हे पाहावे.

पुण्याचेच उदाहरण घ्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर कात्रज परिसरातील मुसळधार पावसाचा होता, आणि शहरातील ओढेनाले साफ ठेवणे हे महापालिकेचे काम आहे. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले पाणी मात्र मुठा नदीचे होते. खडकवासला धरणातून किती विसर्ग सोडायचा हे जलसंपदा विभाग ठरवतो, तर काठावरच्या रहिवाशांना वेळेत सावध करून हलवणे हे महापालिका आणि जिल्हा प्रशासनाचे काम असते. त्यामुळे अशा वेळी एकाच कार्यालयाला जाब विचारून भागत नाही.

गल्लीतल्या पाण्यासाठी चेंबरजवळ उभे राहून नीट पाहावे. पावसाचे पाणी जाळीपाशी अडून पसरत असेल तर पावसाळी वाहिनी तुंबली आहे. झाकण उचलून काळपट, दुर्गंधीयुक्त पाणी वर येत असेल तर मैलापाण्याची वाहिनी, आणि मोठ्या शहरांत या दोन्हींची खाती बहुधा वेगळी असतात. सोसायटीच्या फाटकाच्या आतील चेंबर सोसायटीनेच साफ करायचे असते. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्गाचा किंवा एमआयडीसीचा असेल, तर कडेच्या गटाराचीही विचारणा आधी तिथेच करावी. गावात सुरुवात ग्रामपंचायतीपासून करावी.

फोटो पाऊस सुरू असतानाच काढावेत. पाणी ओसरले की पुरावाही ओसरतो, म्हणून भिंतीवर पाणी जिथवर चढले तिथे खडूने रेघ मारून शेजारी तारीख आणि वेळ लिहावी, आणि त्याचाही फोटो घ्यावा.

एवढे करूनही मालकी कळली नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ६(३) माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्या कार्यालयावर बंधनकारक असते. मात्र ‘जबाबदार कोण?’ असे मोघम विचारू नये, कारण या कायद्याखाली मत नव्हे, नोंदी मिळतात. अमुक चौकापासून तमुक नाल्यापर्यंतची वाहिनी कोणत्या खात्याच्या नोंदीत आहे, तिची शेवटची सफाई कधी झाली आणि ते काम कोणत्या ठेकेदाराला दिले होते, असे नेमके विचारावे.

घरात पाणी शिरून नुकसान झाले असेल, तर पंचनाम्यासाठी तलाठी किंवा तहसील कार्यालयाला लगेच लेखी कळवावे, आणि गाळ काढण्यापूर्वी भिजलेल्या वस्तूंचे फोटो घेऊन ठेवावेत.